भूप ४३ टक्के

जुन्या मराठी वेबसाइटी ओळखायला सोप्या. वर ‘हार्दिक स्वागत’ उजवीकडून डावीकडे सरपटत असतं, दोन बाजूंना दोन समया लुकलुकत असतात आणि तळाशी आकड्यांचं एक यंत्र ‘आपण अमुकावे पाहुणे आहात’ असं सांगत असतं. त्या पाहुण्यांतले निम्मे म्हणजे मालक स्वतःच, आकडा वाढला का ते बघायला आलेले. २००५-०६च्या सुमारास घरातला भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला की घरटी एक अशी साइट जन्माला यायची. पुढे भाचा अमेरिकेला जायचा. पासवर्डही त्याच्याबरोबर जायचा.

अशा साइटी पाडून त्या जागी नव्या उभारणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बिल्डर जुन्या इमारतीचं करतो तेच मी करतो. रहिवासी तितकेच हट्टी असतात, फक्त मला वाढीव एफएसआय मिळत नाही. यातलंच एक गिऱ्हाईक डोंबिवलीचं. गाण्याच्या बाई. नाव सांगत नाही, पण डोंबिवलीत गाण्याच्या बाई दर दोन इमारतींमागे एक सापडतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. काम थोडक्यात सांगितलं गेलं: साइट नवी करायची आणि तिच्यात ऑनलाइन कोर्स घालायचे. हे सांगणाऱ्या बाई नव्हत्या, न्यू जर्सीतले त्यांचे चिरंजीव होते. बाईंना दोन्हींतलं काहीच नको होतं. त्यांना क्लासच्या खिडकीला जाळी हवी होती, कबुतरं येतात म्हणून.

जुनी साइट मी आधी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर एक राखाडी चौकोन आला. मूळ बांधकामात तिथे एक कमळ उमलायचं, त्यातून वीणा वर यायची आणि वीणेतून बाईंचं नाव. ही सगळी करामत फ्लॅशमध्ये केलेली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी जगभर संपला आणि कमळ मिटलं ते मिटलंच. बाईंच्या घरी ही बातमी मी नेली तोवर दोन-तीन गुरुपौर्णिमा होऊन गेल्या होत्या. दारावर इतके दिवस राखाडी चौकोन टांगलेला आणि आत क्लासमध्ये मुलं मावत नव्हती. वेबसाइटीच्या उपयोगाविषयी मी गिऱ्हाइकांना जे काही सांगत असतो, ते मी त्या घरी सांगितलं नाही.

चौकोनाखालचा मजकूर वाचायला गेलो तर सगळी रोमन अक्षरांची आणि टिंबांची खिचडी. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, पण भाच्यापर्यंत ते पोचलेलं नव्हतं. त्याने जुन्या धाटणीचा एक फॉन्ट वापरला होता आणि कोपऱ्यात ‘अक्षरे न दिसल्यास फॉन्टसाठी येथे टिचकी मारा’ असं लिहिलं होतं. तेही त्याच फॉन्टमध्ये. मग मी तो मजकूर रूपांतर करणाऱ्या यंत्रातून काढला. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, त्यामुळे बाहेर पडताना ‘कार्यक्रमा’चे ‘कायर्क्रम’ झाले. काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, त्याचा छापील कागद मागून घेतला. काका रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. कागद परत आला तेव्हा पांढरा भाग शोधावा लागत होता.

नव्या पानांसाठी मजकूर बाई देणार होत्या. देणार होत्या हे क्रियापद आमच्या धंद्यात फार टिकाऊ आहे. तोवर रिकाम्या जागी मी नेहमीचं ‘लोरेम इप्सम’ टाकलं. काकांनी त्यालाही लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘अर्थबोध होत नाही’. मी सांगितलं, सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५मधल्या लेखनाची मोडतोड करून हे बनवलंय, अर्थबोध होऊ नये हाच त्यामागचा हेतू, म्हणजे बघणारा वाचत न बसता मांडणी बघतो. काकांनी चष्मा वर केला. “मग सभेच्या अहवालाचं प्रास्ताविक टाक की. तेही कोणी वाचत नाही, आणि मराठीत आहे.”

रंगाचा प्रश्न मी अनुभवाने लवकर मिटवतो, पण इथे तो बाईंच्या कपाटाशी जाऊन भिडला. त्यांना आमसुली हवा होता. माझ्याकडे रंगाचे सहा अक्षरी कोड असतात, त्यांत आमसुली नसतो. त्यांनी पदराचा फोटो पाठवला, ट्यूबलाइटखाली काढलेला. तो वांगी निघाला. दुसरा गच्चीत काढलेला. तो विटकरी निघाला. शेवटी साडीच घेऊन मी घरी आलो, तेव्हा आमच्या हिने तो रंग आमसुली नसून गुलबक्षीकडे झुकणारा आहे असा निकाल दिला. हा निकाल मी डोंबिवलीला कळवला नाही.

पहिल्या पानावर फोटोंची सरकपट्टी ठेवली होती. पहिला फोटो बाईंच्या गुरूंचा, हार घातलेला, मग शिष्यांचे, मग बक्षीस समारंभाचे. मी कौतुकाने दाखवत होतो. गुरू पाच सेकंद थांबले आणि डावीकडे निघून गेले. त्यांच्या जागी चषक घेतलेला एक मुलगा आला.

“हे काय?” बाई म्हणाल्या. “गुरुजी कुठे गेले?”

“परत येतात बाई. चार फोटो झाले की.”

“अरे, ते कुठे जात नसतात. आपण जातो, येतो.”

गुरुजी स्थिर झाले. मोबाइलच्या पडद्यावर जागा कमी म्हणून मी त्यांना पानाच्या तळाशी नेऊन पाहिलं, तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, आणि मी आपण होऊन त्यांना वर आणलं. तळाशी बाईंनी स्वतःचं नाव टाकून घेतलं. त्यामुळे आज त्या साइटीवर मालकिणीचं नाव शोधायला संपूर्ण पान खाली ओढावं लागतं. चिरंजीवांनी न्यू जर्सीहून विचारलं की ब्रँडिंग कुठाय.

आता कोर्स. चिरंजीवांची कल्पना सरळ होती. आईने एकदा शिकवून ठेवायचं, आपण ते चित्रित करायचं, आणि मग जगातला कोणीही, कधीही, झोपेत असलेल्या आईला पैसे देईल. याला ते ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणत. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे एकदाच शिकवायचं आणि पुन्हा पुन्हा पैसे घ्यायचे?”

“हो, आई.”

“अरे, आजवर उलटं चाललंय. पैसे एकदाच घेते आणि पुन्हा पुन्हा शिकवते.”

घरात यावर दोन पक्ष पडले. काका ऑनलाइनच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, पलुसकरांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग काढून घराण्याघराण्यांत जपलेल्या चिजा बाजारात आणल्या. तेव्हाचे लोक कुरकुरलेच होते. बाई म्हणाल्या, पुस्तक उघडलं तरी समोर कोणीतरी बसलेलं असायचं ना, पान उलटू न देणारं? त्या ‘पान उलटू न देणारं’ यावर मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

ऑनलाइन गाण्याचा अनुभव बाईंना नव्हता असं नाही. २०२०मध्ये सगळ्यांनाच तो आला. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप माणसाचा आवाज स्वच्छ जावा म्हणून मागची एकसुरी घरघर आपोआप पुसून टाकतात. पंखा, एसी, मिक्सर वगैरे. बाईंनी तानपुरा लावला आणि अ‍ॅपने ठरवलं की हा पंखा आहे. पलीकडे मुलांना बाई ऐकू येत होत्या, तानपुरा नाही. मधूनमधून सूर लांबवला की बाईही पंख्यात जमा होत. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची एक कळ सेटिंगच्या पोटात असते, ती चिरंजीवांनी बऱ्याच दिवसांनी शोधली. तालाचं काही करता आलं नाही. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला तर एक मात्रा पाव सेकंदाची. डोंबिवलीहून न्यू जर्सीला आवाज जाऊन परत यायला एवढा वेळ सहज लागतो. म्हणजे नात तिकडे समेवर आली की इकडे आजी पुढच्या मात्रेला पोचलेली. दोघीही बरोबर, आणि मध्ये समुद्र.

त्या मानाने आधी चित्रित केलेला धडा बरा. निदान त्यात बाई एकट्याच असतात. चिरंजीवांनी नियम पाठवला: प्रत्येक व्हिडिओ सात मिनिटांच्या आत, लोकांना त्याहून जास्त धीर नसतो.

“यमन सात मिनिटांत?” बाई.

काकांकडे ७८च्या तबकड्यांचा साठा आहे, त्यामुळे त्यांना राहवलं नाही. “गोहरजानने १९०२मध्ये तीन मिनिटांत बसवलं होतं सगळं. वर शेवटी स्वतःचं नावही सांगायची.”

“तिने गायलं. शिकवलं कुठे?”

चित्रीकरणाची हकिकत लांबवत नाही. दिवसा वरच्या मजल्यावर ड्रिल, शेजारी कुकर, खाली भंगारवाला. पहाटे शांतता असते म्हणून पहाटे बसलो तर पहिल्या लोकलने भोंगा दिला आणि बाईंनी तेवढ्यात त्याचा स्वर कोणता ते हार्मोनियमवर शोधलं. एका धड्यात मागे कोकीळ ओरडतोय. मी तो भाग कापायला निघालो तर बाई म्हणाल्या, राहू दे, तो सुरात आहे.

संकलन करणारा मुलगा हुशार होता. त्याच्याकडे असं सॉफ्टवेअर होतं की बोलण्यातल्या शांत जागा एका झटक्यात कापून टाकायचं. सगळे यूट्यूबवाले तेच वापरतात. बाईंनी आपला पहिला धडा पाहिला. त्यात त्या ‘सा’ म्हणत होत्या आणि लगेच ‘रे’ आणि लगेच ‘ग’, मध्ये कुठेही न थांबता, तोंड उघडंच.

“मी श्वास कुठे घेतला?” त्यांनी विचारलं.

मुलगा म्हणाला, “कापला, मॅडम. टाइमपास होत होता.”

श्वास परत आणेपर्यंत सात मिनिटांचे चौदा झाले. सात मिनिटांच्या नियमाचं पुढे कोणी नाव काढलं नाही. किमतीचंही तसंच. चिरंजीवांनी ४९९ रुपये सुचवले, नऊवर संपणारी रक्कम मनाला कमी वाटते असं शास्त्र सांगून. काकांनी ५०१ केली. देवाघरचं काम, पाकिटात मोडलेली रक्कम जात नाही.

पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे लागतो, आणि गेटवेला धोरणं लागतात. परताव्याचं धोरण, रद्द करण्याचं धोरण, माल पोचवण्याचं धोरण. परताव्याविषयी बाईंचं मत स्पष्ट होतं: ज्याला सूर लागणार नाही त्याचे पैसे त्या मुळात घेतच नाहीत, आणि ज्याला लागला त्याला परत कशाला? हे मी कायदेशीर भाषेत बसवून पाठवलं, परत आलं. माल पोचवण्याविषयीचं पान नसल्याचा आक्षेप मात्र तीनदा आला. इथे माल नाही, राग आहेत, हे गेटवेच्या फॉर्ममध्ये कुठल्याच चौकटीत मावेना. शेवटी काकांनी आपल्या रेल्वेच्या मराठीत लिहून दिलं: ‘भूप, दुर्गा व यमन यांची पोच तत्काळ. मात्र ते प्रत्यक्ष हस्तगत होण्यास लागणाऱ्या कालावधीची हमी संस्था देत नाही.’ मंजूर झालं.

आणि मग ती पट्टी. कोर्स चालवणाऱ्या कुठल्याही प्रणालीत विद्यार्थ्याच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते, किती टक्के झालं ते दाखवणारी. प्रात्यक्षिकात मी भूपाचे थोडे व्हिडिओ पुढे ढकलले आणि पट्टीवर आलं: ‘भूप, ४३ टक्के पूर्ण’.

बाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. “माझा किती झालाय?” त्यांनी विचारलं.

मी गप्प.

“नाही, खरंच विचारते. पन्नास वर्षं गातेय. बघ की तुझ्या यंत्रात.”

पट्टी काढली. मग प्रश्नमंजूषा आली. मी नमुन्याचा प्रश्न घातला होता: सा रे ग प ध हे स्वर कोणत्या रागाचे? पर्याय भूप, यमन, देसकार, काफी. बरोबर उत्तर भूप. बाई म्हणाल्या, देसकारचेही तेच. मी म्हणालो, मग दोन उत्तरं बरोबर ठेवतो. त्या म्हणाल्या, आणि दोन्हीला खूण केली की मुलाला फरक कळला असं तुझं यंत्र समजणार? भूप गंधारावर उभा, देसकार धैवतावर. स्वर तेच, बसायची जागा वेगळी. यंत्राला खूण कळते. बसणं कळत नाही. प्रश्नमंजूषा काढली. सगळे व्हिडिओ संपले की आपोआप छापून येणारं प्रमाणपत्र दाखवायचं मी टाळलंच. काकांनी ते शोधून काढलं आणि बाईंना दाखवलं. “ऐकून झालं म्हणजे आलं?” एवढंच त्या म्हणाल्या. तेही गेलं.

आता प्रणालीत उरली फक्त ‘पुढील धडा’ ही कळ. तिच्यावर बाईंचं बोट आलं.

“ही कोण दाबणार?”

“विद्यार्थी.”

“तो कसा दाबेल? पुढे जायचं की नाही हे त्याने ठरवलं तर मी कशाला आहे?”

आमच्या क्षेत्रातली सगळी अक्कल गिऱ्हाइकाला पुढे पुढे न्यायची. एकही क्लिक जास्त नको, कुठे अडखळायला नको. बाईंना अडखळायलाच हवं होतं. त्यांच्या क्लासमध्ये मी पाहिलंय, तासभरात मुलं जेवढं गातात त्यापेक्षा जास्त वेळा थांबवली जातात. “थांब.” “पुन्हा.” “नाही, वरून नको येऊस.” हेच त्या शिकवतात, बाकी पेटीवरही वाजतं. २०११मध्ये स्टॅनफर्डच्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत कोर्सला जगभरातून सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं घातली, आणि त्यातले बहुतेक मध्येच गळाले. त्यांना कोणी थांबवलं नाही, हे बाईंचं निदान. थांबवलं असतं तर राहिले असते.

तेव्हा व्यवस्था अशी ठरली. धडा ऐकायचा, आपण म्हणून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं, साइटवर चढवायचं. बाई ऐकणार. ‘मान्य’ दाबलं तर पुढचा धडा उघडणार. ‘पुन्हा’ दाबलं तर नाही. यासाठी वेगळं काही बनवावं लागलं नाही. प्रणालीत ही सोय असतेच, फारसं कोणी वापरत नाही. ‘पुन्हा’ची कळ बाईंनी मोठी करून घेतली.

चिरंजीवांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. कोर्स विकला जात होता, पण आई झोपत नव्हती. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून बसायची. कुठे नाशिकचा ‘सा’, कुठे बेळगावचा, कुठे टोरांटोचा.

“आई, हे स्केल कसं करणार तू?” त्यांनी काकुळतीने विचारलं.

“माझं काळी चार,” बाई म्हणाल्या. “मुलांचं ज्याचं त्याचं.”

एक गोष्ट मात्र मला आकडेवारीत दिसली. व्हिडिओचा कोणता भाग लोक मागे नेऊन पुन्हा बघतात त्याचा आलेख मिळतो. साधारण तो तानांपाशी उंच असेल असं मला वाटलं होतं. तिसऱ्या व्हिडिओत बाई ‘ग प ध’ म्हणून दाखवतात, विद्यार्थ्याला म्हणायला जागा सोडतात, समोर कॅमेऱ्याखेरीज कोणी नसताना कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, “नाही. धैवत चढला. पुन्हा.” आलेखाचं टोक तिथे होतं. खाली एकाने लिहिलं होतं, बाई, तुम्हाला कसं कळलं? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिथे सगळ्यांचाच चढतो.

साइट सुरू झाली, बिल मिळालं, वर नारळ. जाळीसुद्धा बसली, तो माणूस मीच पाठवला. एकच काम अडलंय. ‘मान्य’ झाल्यावर पुढचा धडा नीट उघडतो का, हे तपासायला मी माझ्या नावाने एक चाचणी खातं काढलं आणि पहिल्या धड्याखाली काहीतरी गुणगुणून चढवलं. ‘पुन्हा’ आलं. परत चढवलं. ‘पुन्हा’, आणि खाली शेरा: नाकातून येतोय. बाईंना फोन करून म्हणालो, ही नुसती चाचणी आहे, तांत्रिक, तुम्ही डोळे झाकून ‘मान्य’ दाबा. त्या म्हणाल्या, डोळे झाकूनच ऐकलं रे. मग प्रशासकाचे अधिकार माझ्याकडे आहेतच म्हणून मी स्वतःच स्वतःला मान्य केलं. सकाळी आठला फोन वाजला. “हा मान्य कोणी केला?” मी काढून टाकलं. तेव्हापासून माझं खातं पहिल्या धड्यावर आहे. सकाळी आंघोळ झाली की एकदा ‘सा’ चढवतो आणि कामाला बसतो. परवाच्या शेऱ्यात नाकाचा उल्लेख नव्हता.